पहिल्या फुलाची तारीख

थंडी सरत आली की आपण फिरायला बाहेर पडतो. पळस फुललेला दिसतो, कोकीळ ओरडायला लागतो, आपण फोटो काढतो आणि घरी येऊन विसरून जातो. आज मला सांगायचंय ते एका अशा माणसाबद्दल, जो दरवर्षी हे सगळं लिहून ठेवायचा.

रॉबर्ट मार्शम. इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यातल्या स्ट्रॅटन स्ट्रॉलेस गावचा जमीनदार. झाडं लावायची भारी हौस. १७३६ साली त्याने वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली. स्नोड्रॉपचं पहिलं फूल कधी दिसलं, ओकला पालवी कधी फुटली, बेडूक कधी ओरडले, कुक्कू आणि नाइटिंगेल पहिल्यांदा कधी ऐकू आले. अशा एकूण २७ खुणा! १७८९ मध्ये रॉयल सोसायटीने त्याच्या नोंदी छापल्या.

त्याच वर्षी गिल्बर्ट व्हाइटचं सेलबोर्न गावच्या निसर्गावरचं प्रसिद्ध पुस्तक आलं. पुढे या दोघांचा पत्रव्यवहार झाला. तेव्हा एक मोठा प्रश्न होता: माळभिंगऱ्या हिवाळ्यात जातात कुठे? काही परदेशी जातात हे व्हाइटला मान्य होतं, पण काही इथेच कुठेतरी दडून झोपत असाव्यात, ही शंका त्याला शेवटपर्यंत सोडवली नाही. आज आपल्याला माहीत आहे की इंग्लंडच्या माळभिंगऱ्या थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातात.

मार्शम १७९७ मध्ये वारला, पण वही बंद झाली नाही. मुलं, नातवंडं, पुढच्या पिढ्या लिहीत राहिल्या. मधे काही वर्षं खंड पडला, तरी नोंदी थेट १९५८ पर्यंत येतात.

आता गंमत बघा. नोंदी सुरू झाल्या त्याच १७३६ साली जेम्स वॉट जन्मला. म्हणजे वाफेच्या इंजिनाचं आणि कोळशाच्या धुराचं युग यायच्या आधीचा वसंत या वहीत सापडतो. १९९५ मध्ये स्पार्क्स आणि केरी या संशोधकांनी या नोंदी तापमानाशी ताडून पाहिल्या. ज्या वर्षी थंडी कमी, त्या वर्षी पालवी लवकर, हे दोन शतकांच्या आकड्यांतून दिसलं. हवामानबदल हा शब्दही मार्शमला माहीत नव्हता. त्याने फक्त तारीख लिहिली.

मला वाटतं, इतिहास असाही लिहिला जातो. म्हणून तुम्हीही रोजच्या वाटेवरचं एक झाड निवडा. पळस, पांगारा, काटेसावर, काहीही चालेल. पहिलं फूल दिसलं की तारीख आणि जागा लिहा. आणि हो, आपल्याकडे माळभिंगरी हिवाळ्याची पाहुणी. वसंत आला की ती परत जाते. शेवटची कधी दिसली हे त्या दिवशी कळत नाही, त्यामुळे ती दिसेल तेव्हा प्रत्येक वेळी लिहावं लागतं.

वही घरातल्या कुणालातरी दाखवून ठेवा. तुमच्यानंतर तीच पुढे चालवायची आहे. भेटू पुढच्या भागात!