जाळीतून निसटलेलं शैवाल

आजची गोष्ट समुद्रातल्या अतिसूक्ष्म शैवालांची आहे, पण सुरुवात कापडापासून करू.

कीलचे व्हिक्टर हेन्झेन यांनी १८८७ मध्ये 'प्लँक्टन' हा शब्द दिला. पाण्याबरोबर वाहत जाणारं ते प्लँक्टन. मराठीत आपण प्लवक म्हणतो. १८८९ मध्ये 'नॅशनल' नावाच्या जहाजातून ते अटलांटिकवर गेले. समुद्रात प्लवक किती, हे मोजायचं होतं. जाळी केली ती पीठ चाळायच्या रेशमी कापडाची! निकाल असा आला की थंड समुद्र भरलेले आणि उष्ण समुद्र जवळजवळ रिकामे. एर्न्स्ट हेकेल यांनी पुढच्याच वर्षी कडाडून टीका केली: प्लवक सगळीकडे सारखं पसरलेलं नसतंच, मग अशा मोजणीला अर्थ काय? वाद गाजला. आज बघता हेन्झेन यांचा ढोबळ निष्कर्ष बराचसा बरोबर होता, पण त्यांच्या जाळीची छिद्रं पन्नासेक मायक्रॉनची. त्याहून बारीक ते सगळं समुद्रातच राहिलं.

ते पहिल्यांदा नीट दाखवलं कीलच्याच हान्स लोमान यांनी, आणि तेही एका प्राण्याच्या मदतीनं. ऑयकोप्लुरा नावाचा चिमुकला प्राणी स्वतःभोवती चिकट घर बांधतो. त्यात निसर्गानं बनवलेली गाळणी असते, रेशमापेक्षा कितीतरी बारीक. लोमान यांनी ती घरं तपासली, तर आत जाळीत कधी न आलेल्या पेशी! पुढे त्यांनी पाण्याचे नमुने सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले आणि १९११ च्या सुमारास 'नॅनोप्लँक्टन' हा शब्द आला.

मला यातली गंमत अशी वाटते की पुढची मोठी भर पडायला जवळजवळ सत्तर वर्षं गेली. १९७९ मध्ये जॉन वॉटरबरी आणि सहकाऱ्यांनी समुद्राचं पाणी प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर नारिंगी चमकणारे ठिपके. ते सिनेकोकॉकस, आकार एक मायक्रॉनच्या आसपास. आपण 'नील-हरित शैवाल' म्हणतो खरं, पण हे मुळात जीवाणूच. त्याच वर्षी जॉन्सन आणि सीबर्थ यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांत आणखी एक प्रकार दिसला होता. १९८३ मध्ये नेदरलँड्सच्या दोघांना समुद्राच्या पाण्यात अनोळखी क्लोरोफिल सापडलं. या दोन गोष्टी एकाच जिवाच्या आहेत हे कुणाला जोडता आलं नाही.

ते जुळलं रक्तपेशी मोजण्याच्या यंत्रामुळे. फ्लो सायटोमीटरमध्ये पेशी एकामागून एक लेसरसमोरून जातात. सॅली चिझम आणि रॉबर्ट ओल्सन यांनी हे यंत्र जहाजावर नेलं. पडद्याच्या कोपऱ्यात अगदी मंद लाल ठिपके दिसत. आधी वाटलं, यंत्राचीच खरखर असेल. पण खोलीनुसार ठिपके बदलत होते. खरखर कशाला खोली पाहून बदलेल? १९८८ मध्ये 'नेचर'मध्ये शोध छापून आला. पुढे नाव ठेवलं प्रोक्लोरोकॉकस.

आकार साधारण ०.६ मायक्रॉन. केसाच्या जाडीत शंभरेक सहज बसतील. एका मिलिलिटर पाण्यात लाखभर असू शकतात. ४० अंश उत्तर ते ४० अंश दक्षिण, म्हणजे नेमका तोच 'रिकामा' उष्ण पट्टा. पोषकद्रव्यं कमी असतात तिथे लहान पेशीला फायदा मिळतो, कारण आकारमानाच्या मानानं तिचा पृष्ठभाग जास्त. २०१३ च्या एका अंदाजानुसार जगात यांची संख्या ३ वर २७ शून्यं!

आणि सगळे एकसारखे नाहीत. वरच्या उजेडातले वेगळे, शंभर-दीडशे मीटर खाली अंधुक निळ्या उजेडात जगणारे वेगळे. भूमध्य समुद्रातून मिळवलेल्या वरच्या थरातल्या जातीचा जीनोम सुमारे १७ लाख अक्षरांचा. खोलवरच्या एकीचा सुमारे २४ लाखांचा. अंधारात राहणाऱ्याकडे सामान जास्त, अशी ती गत.

आपल्या अरबी समुद्रात तर खाली प्राणवायू जवळजवळ नसलेला थर आहे. त्याच्या वरच्या कडेशी, जिथे उजेड जेमतेम पोचतो, तिथे या प्रोक्लोरोकॉकसचा दुसरा दाट पट्टा सापडतो. दोन हजार सालच्या सुमाराला हे नोंदवलं गेलं. म्हणजे मुंबईच्या पश्चिमेला बोटीनं गेलात, तर पायाखाली ही वस्ती आहे.