संगणकाची निद्रा व शीतनिद्रा

उघडे काम जसेच्या तसे राखून संगणकाचा वीजवापर जवळजवळ थांबवणाऱ्या दोन अवस्था. बोलताना त्यांना सर्रास ‘स्लीप’ आणि ‘हायबरनेट’ म्हणतात. उघडे काम कुठे ठेवले जाते, यावर दोहोंतला फरक ठरतो.

स्लीपमध्ये काम रॅममध्येच राहते. प्रोसेसर, डिस्क, पंखा आणि पडदा थांबतात, पण रॅमची वीज तोडता येत नाही. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे अतिसूक्ष्म कपॅसिटरवरचा विद्युतभार. तो सतत गळत असतो, म्हणून साधारण दर 64 मिलिसेकंदांनी पुन्हा भरावा लागतो. डेस्कटॉपला त्यासाठी दोन-चार वॅट पुरतात आणि कळ दाबताच काही सेकंदांत काम समोर येते. हायबरनेटमध्ये रॅममधला सगळा मजकूर डिस्कवरच्या एका फाइलीत उतरवला जातो आणि यंत्र बंद होते. जागे व्हायला थोडा अधिक वेळ लागतो, पण मधल्या काळात प्लग काढला तरी काम सुरक्षित राहते.

या अवस्थांचे आजचे नियम ‘एसीपीआय’ या मानकातून आले. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ते डिसेंबर 1996 मध्ये प्रसिद्ध केले. त्यात स्लीपला एस-3, तर हायबरनेटला एस-4 म्हणतात.

कोणती अवस्था निवडावी, हे गावची वीज कशी आहे यावर ठरवावे. खडकवासला त्याचे चांगले उदाहरण. मे महिन्यात दुपार कलली की सिंहगडाच्या बाजूला ढग दाटतात, वारा सुटतो, तारेवर फांदी पडते आणि लाइट जाते. स्लीपमध्ये ठेवलेला डेस्कटॉप त्याच क्षणी सगळे विसरतो. लाइट आल्यावर बटण दाबावे तर विंडोज पहिल्यापासून सुरू होते आणि अर्धवट टाइप केलेला, जतन न केलेला अर्ज गेलेला असतो. यूपीएस असला तरी त्याची बॅटरी काही वेळच साथ देते. पुणे परिसरात देखभाल-दुरुस्तीसाठी वीज बहुधा गुरुवारी बंद ठेवतात. म्हणून इथल्या डेस्कटॉपसाठी नुसती स्लीप पुरेशी नाही. बुधवारी रात्री हायबरनेट करून बोर्डावरचे बटणही बंद करावे. वळवाच्या विजा कडाडतात तेव्हा तर प्लगच काढून ठेवावा. ही मुभा स्लीप देत नाही.

दोन्हींचा मेळ घालणारी ‘हायब्रिड स्लीप’ डेस्कटॉपसाठी उत्तम. तीत रॅमला वीज चालू राहते आणि कामाची प्रत डिस्कवरही उतरते. लाइट गेली नाही तर यंत्र झटकन उठते, गेली तर डिस्कवरून.

विंडोजच्या मेनूत हायबरनेट बहुधा दिसत नाही. कंट्रोल पॅनेलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये, पॉवर बटणाने काय करावे हे ठरवण्याच्या पानावर, आधी ‘सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग्ज बदला’ या अर्थाच्या ओळीवर टिचकी मारावी आणि मग हायबरनेटसमोर खूण करावी. तिथे तो पर्यायच नसेल, तर कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडून ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेने तो चालू करता येतो. आपल्या यंत्राला कोणत्या अवस्था जमतात, हेही हीच आज्ञा सांगते. हायबरनेटची फाइल सर्वसाधारणपणे रॅमच्या 40 टक्के जागा घेते, म्हणजे 16 जीबी रॅमला सुमारे साडेसहा जीबी. लिनक्सवर त्यासाठी पुरेशी स्वॅप जागा लागते. मॅक लॅपटॉप झोपताना डिस्कवर प्रतही ठेवतो.

अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत जुनी एस-3 नसते. त्यांची ‘मॉडर्न स्टँडबाय’ झाकण मिटल्यावरही अधूनमधून जागी होते. पिशवीतून काढलेला लॅपटॉप गरम लागतो आणि बॅटरी उतरलेली असते, ते बऱ्याचदा यामुळेच. अशा लॅपटॉपला झाकण मिटताच हायबरनेट होण्याची सेटिंग द्यावी.

बचत किती? डेस्कटॉप व मॉनिटर मिळून नुसते चालू असताना 80 वॅट धरू. संध्याकाळी सातपासून सकाळी नऊपर्यंतच्या 14 तासांत 1.12 युनिट जातात, 250 रात्रींत 280. स्लीपमध्ये 3 वॅट धरले तर तेवढ्याच रात्रींत साडेदहा युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात वापर वाढेल तसा युनिटचा दर चढतो, म्हणून वाचलेले युनिट सर्वांत महाग टप्प्यातले असतात. स्क्रीनसेव्हरने मात्र काहीच वाचत नाही, पडदा उजळलेलाच राहतो.

दीर्घ आकडेमोडीच्या संगणकाला स्लीप लावू नये. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात, म्हणजे 1916 मध्ये सुरू झालेल्या संस्थेत, धरणे, नद्या व बंदरे यांचा अभ्यास प्रत्यक्ष प्रतिकृतींबरोबर गणिती प्रतिमानांवरही होतो. असे प्रतिमान रात्रभर चालवायचे आणि मध्येच यंत्र झोपले, तर गणित तिथेच अडते. अशा वेळी स्लीपची वेळ ‘नेव्हर’ ठेवावी आणि मॉनिटर दहा मिनिटांनी बंद होऊ द्यावा. त्याने आकडेमोडीला धक्का लागत नाही.