डावीकडून उजवीकडे

अमरावतीचा रामपुरी कॅम्प किंवा अकोल्याचा सिंधी कॅम्प म्हटले की रिक्षावाला दुसरा प्रश्न विचारीत नाही. त्यातला ‘कॅम्प’ हा शब्द आता नुसता पत्ता झाला आहे. १९४७ साली फाळणी झाली, जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल उसळली, आणि सिंधी हिंदू बोटींनी व आगगाड्यांनी इकडे आले. त्यांतली काही कुटुंबे आमच्या वऱ्हाडात उतरली. त्यांनी व्यापारात कसा जम बसवला हे पुष्कळांनी सांगितले आहे. मी पडलो शाळामास्तर. माझी नजर गल्ल्याकडे न जाता दुकानदाराच्या पोराच्या पाटीकडे जाते.

त्या पाटीवरची अक्षरे उजवीकडून डावीकडे चालत. सिंधीची ही बावन्न अक्षरांची अरबी वळणाची लिपी इंग्रज सरकारने १८५३ मध्ये ठरवून दिली. योगायोग असा, की त्याच वर्षीच्या मे महिन्यात निजामाने तह करून वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. सिंध १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. तिथेही आधी चार इयत्ता स्वभाषेत आणि मग इंग्रजी, अशीच रीत होती. तेव्हा सक्कर-शिकारपूरहून आलेल्या बारा वर्षांच्या मुलाला ए-बी-सी-डी काही अगदी अनोळखी नव्हती. अनोळखी होती ती आपली मराठी.

तिच्या अडचणी आपल्याला दिसत नाहीत, कारण आपण त्यांतच वाढलो. पंखा तो, खुर्ची ती आणि टेबल ते! सिंधीत लिंगे दोनच. हे तिसरे कुठून आणायचे? ‘ळ’ सिंधीत नाही. तो पुस्तकातून कसाबसा घोकावा, तर मैदानावरचे वऱ्हाडी सोबती ‘डोळा’ला ‘डोया’ आणि ‘काळा’ला ‘काया’ म्हणणार. उलट, श्वास आत ओढून उच्चारायची चार व्यंजने सिंधीत आहेत. त्यांना आपल्या बाराखडीत घरच नव्हते. पुढे देवनागरीत सिंधी लिहिताना अक्षराखाली रेघ ओढून ते करून द्यावे लागले.

इंग्रजीच्या तासाला मात्र चित्र पालटत असले पाहिजे. तिथे खुर्ची-टेबलाला लिंग नाही. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांतला फरक सिंधी जिभेला कळत नाही, तसा वऱ्हाडी जिभेलाही नाही. ‘एफ’ आणि ‘झेड’ यांचे उच्चार सिंधी पोराला घरचेच, कारण त्याच्या लिपीत त्यांना स्वतंत्र अक्षरे आहेत. आमचा खेड्यातला गडी तेवढ्यात ‘इस्कूल’वर अडखळलेला. मास्तरांची स्वतःची इंग्रजी तरी कुठे विलायतेची होती! त्या पाऊण तासात सगळा वर्गच निर्वासित होई, आणि म्हणूनच खरा निर्वासित मुलगा घटकाभर निर्वासित राहत नसे. इंग्रजीचे हे उपकार मी मानतो. मात्र ते इंग्रजीच्या थोरवीचे नव्हेत. ती सर्वांनाच सारखी परकी होती, एवढ्यापुरतेच आहेत.

परंतु जमाखर्च इथे संपत नाही. मुलगा मराठी शिकला, हिंदी शिकला, इंग्रजी शिकला. हात डावीकडून उजवीकडे वळला तो वळलाच. आजोबांची पत्रे अरबी लिपीत आणि व्यापाऱ्याच्या चोपड्या काना-मात्रा गाळून लिहिलेल्या हटवाणकी अक्षरांत. नातवाला दोन्ही मुकी. लिपी अरबी असावी की देवनागरी, यावर मोठी माणसे वाद घालीत राहिली. १९६७ साली सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली. पण ज्या पिढीला वाचता यायला हवे होते ती तोवर शाळेतून बाहेर पडली होती.

याबद्दल आपण हळहळावे, तर आपल्या माळ्यावर काय आहे? मोडीचे रुमाल! पणजोबांची खरेदीखते वाचायला आपल्यालाही आता जाणकार शोधावा लागतो. सिंधी माणसाने घर सोडले तेव्हा लिपी गेली. आपण घरात बसल्याबसल्या घालवली.

शाळा एक दार उघडते तेव्हा दुसरे हलकेच लोटून घेते, आणि लोटणारा हात बहुधा मास्तराचा असतो. आज मेळघाटातून कोरकू बोलणारे मूल अमरावतीच्या वर्गात येऊन बसते. त्याला मराठी शिकवू, इंग्रजीही शिकवू; शिकवलीच पाहिजे. मी एवढेच करतो, की पहिल्या दिवशी ‘वॉटर’ फळ्यावर लिहिण्याआधी विचारतो, “बाळ, तुझ्या घरी पाण्याला काय म्हणतात?” मूल आधी खाली मान घालते. मग हळूच सांगते. तो शब्द मी सर्वांत वर लिहितो, आणि त्याखाली बाकीचे.