उंबऱ्याशी थांबलेलं पाऊल

यात्रा थांबली म्हणून श्रद्धा खुंटते का? १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. हज यात्रेकरूंची जहाजं तेव्हा याच बंदरातून जेद्दाला निघत. १८९७ साली सरकारनं मुंबईहून हजला जायला बंदी घातली. पैपैसा साठवून निघालेल्यांना काय वाटलं असेल! पण साथीच्या गावात शिरू नये, तिथं असाल तर बाहेर पडू नये, ही शिकवण पैगंबरांचीच. २०२० साली कोरोनात सौदी अरेबियाबाहेरच्या कुणालाही हजला जाता आलं नाही. त्याच वर्षी आषाढीला माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, वारकरी घरीच राहिले. दुसऱ्याच्या जिवासाठी उंबऱ्याशी थांबलेलं पाऊलही मला यात्रेतलंच वाटतं.