जिंकणें आणि जाणणें

बुद्धीचा कस पाहण्यासाठीं मनुष्यानें जे उपाय योजिले, त्यांत पटावरील खेळांचें स्थान मोठें आहे. तेव्हां गणकयंत्रें जन्मास आल्यावर त्यांचीही परीक्षा पटावरच व्हावी, हें क्रमप्राप्तच होतें. अमेरिकेंतील आर्थर सॅम्युएल यांनीं अनुभवानें सुधारत जाणारी चेकर्सची आज्ञावली रचिली व तिच्याविषयींचा आपला गाजलेला निबंध १९५९ सालीं प्रसिद्ध केला. १९६२ सालीं तिनें एका चांगल्या खेळाडूवर एक डाव जिंकला आणि या खेळांत आतां करण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, असा समज पसरला. तो समज किती अपुरा होता, हें दाखविण्याचें श्रेय कॅनडांतील आल्बर्टा विद्यापीठाचे प्राध्यापक जोनाथन शेफर यांजकडे जातें.

श्रोतेहो, हा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नाहीं. म्हणून त्याचे नियम थोडक्यांत सांगतों. इंग्लंडांत यालाच ड्राफ्ट्स म्हणतात. पट बुद्धिबळाचाच, ६४ घरांचा. पण वापरावयाचीं तीं केवळ ३२ काळीं घरें. प्रत्येकाच्या सोंगट्या १२. सोंगटी तिरपी पुढें सरकते, शत्रूच्या सोंगटीवरून उडी घेऊन तिला मारते, आणि मारण्याची संधि आली असतां मारलेंच पाहिजे. पलीकडच्या कडेस पोंचलेली सोंगटी राजा होते व मागेंही चालूं लागते. वरवर पाहतां हा पोरखेळ वाटेल. पण त्यांत संभवणाऱ्या मांडण्या ५ वर २० शून्यें इतक्या आहेत.

१९८९ सालीं शेफर व त्यांचे सहकारी यांनीं ‘शिनूक’ नांवाची आज्ञावली रचावयास घेतली. तिची रीत अशी कीं, एकीकडून यंत्र समोरच्या मांडणीपासून पुढच्या चाली तपासत जाई. दुसरीकडून, पटावर थोड्या सोंगट्या उरल्या असतां डावाचा शेवट काय होतो, हें आधींच मोजून कोष्टकांत नोंदविलेलें असे. डोंगराच्या दोन्ही अंगांनीं बोगदा खणावा, तशी ही योजना होती. तपास कोष्टकांपर्यंत पोंचला कीं अंदाजाचें राज्य संपे आणि निश्चित ज्ञानाचें सुरू होई.

या यंत्रापुढें उभा असलेला मनुष्यही सामान्य नव्हता. मॅरियन टिन्सली हे फ्लॉरिडांतील गणिताचे प्राध्यापक. १९५० नंतरच्या चाळीस वर्षांत त्यांनीं गमावलेले डाव हाताच्या बोटांवर मोजतां येत. १९९० सालच्या एका मैत्रीच्या सामन्यांत शिनूकनें दहावी चाल करतांच, या चालीचा पश्चात्ताप होईल, असें त्यांनीं शेफर यांना बजावलें. पुढें तो डाव यंत्रानें खरोखरच गमावला. आणि मागाहून तपास करतां ती चालच पराभवाचें मूळ ठरली.

त्याच वर्षीं अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेंत टिन्सलींच्या खालोखाल स्थान मिळवून शिनूकनें जगज्जेत्यास आव्हान देण्याचा अधिकार संपादन केला. खेळाच्या नियामक संस्थांना मात्र यंत्राशीं सामना मान्य होईना. तेव्हां टिन्सलींनीं आपल्या पदाचा त्याग केला व ते खेळावयास सिद्ध झाले. अखेर मनुष्य आणि यंत्र यांच्यासाठीं एक निराळें जगज्जेतेपद निर्माण करण्यांत आलें. १९९२ सालीं लंडन येथें झालेल्या सामन्यांत टिन्सलींनीं ४ डाव जिंकले, शिनूकनें २, व ३३ बरोबरीत सुटले.

१९९४ सालीं बोस्टन येथें दोघांची पुन्हां गांठ पडली. सहा डाव बरोबरीत सुटले आणि प्रकृति बिघडल्यामुळें टिन्सलींना सामना सोडावा लागला. त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचें निष्पन्न झालें. १९९५ च्या एप्रिलांत त्यांचें निधन झालें. पद यंत्राकडे आलें. पण टिन्सलींवरील विजय मात्र कायमचा हुकला. टिन्सली निरोगी असते तर कोण जिंकतें, या प्रश्नास आतां उत्तर उरलें नव्हतें.

येथेंच या संशोधनाचें खरें महत्त्व सुरू होतें. पटावर १० किंवा त्याहून कमी सोंगट्या असलेल्या सर्व मांडण्यांचीं कोष्टकें तयार झालीं. त्या मांडण्या सुमारें ३९ लाख कोटि होत्या. मधल्या खंडासह अठरा वर्षें हें काम चाललें, आणि २००७ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत निर्णय प्रसिद्ध झाला: दोन्ही पक्षांनीं निर्दोष खेळ केल्यास चेकर्सचा डाव बरोबरीतच सुटतो. प्रत्येक मांडणीचा निकाल लागला असा याचा अर्थ नव्हे. आरंभींच्या मांडणीपासून कोणत्याही पक्षास पराभव टाळतां येतो, एवढें मात्र सिद्ध झालें.

१९९७ सालीं ‘डीप ब्लू’ यंत्रानें बुद्धिबळांत कास्पारॉव्हला हरविलें, तेव्हां मोठा गाजावाजा झाला. परंतु बुद्धिबळाचा आरंभींचा पट कोणाच्या बाजूचा, हें त्या विजयानें कळलें नाहीं. प्रतिपक्ष्यास जिंकणें निराळें आणि खेळ जाणणें निराळें. शेफर यांना पहिलें साधावयाचें होतें. दैवानें तें हिरावून घेतलें, आणि त्यांच्या चिकाटीनें दुसरें साधलें. टिन्सलींशीं झालेला शेवटचा सामना अनिर्णीत राहिला तो राहिलाच. परंतु ज्या खेळासाठीं त्यांनीं आयुष्य वेंचलें, तो निर्दोष खेळणाऱ्याला कोणीही हरवूं शकत नाहीं, हें त्यांच्याच प्रतिस्पर्ध्यानें सिद्ध करून दाखविलें.