डिमिनिश्ड ट्रायड : बंदीची दंतकथा आणि खरा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण मेजर आणि मायनर ट्रायड पाहिले. आज त्यांचं तिसरं भावंड घेऊ. समोर पेटी असेल तर पांढरी एकला सा धरा आणि मंद्रातला नी, मध्य सप्तकातले रे आणि शुद्ध म अशा तीन पट्ट्या एकदम दाबा. काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं वाटतं ना? नी ते रे तीन अर्धस्वर, रे ते म पुन्हा तीन, म्हणजे एकूण सहा. सा आणि प यांच्यामध्ये सात असतात. इथे एक घटला, म्हणून नाव डिमिनिश्ड.

या सहा अर्धस्वरांच्या अंतराला ट्रायटोन म्हणतात. मध्ययुगात चर्चने त्याला 'संगीतातला सैतान' ठरवून त्यावर बंदी घातली, असं आपण सगळीकडे ऐकतो. अशा बंदीचा पुरावा मात्र सापडत नाही. ही उपाधी छापील ग्रंथांत दिसते ती अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे मध्ययुग संपून गेल्यावर.

मग मध्ययुगात होतं काय? होता तो गाणाऱ्यांचा व्यावहारिक नियम. नवव्या शतकातल्या 'मुसिका एन्किरियादिस' या ग्रंथात दोन आवाज समांतर चालवताना ट्रायटोन येऊ नये म्हणून खालचा आवाज थांबवून धरायला सांगितलंय. अकराव्या शतकात ग्विदो यांनी उत, रे, मि, फा, सोल, ला ही सहा अक्षरं शिकवायला घेतली. या सहांच्या आत ट्रायटोन येतच नाही. गळ्याला अवघड, कानाला खडबडीत, म्हणून टाळायचा, एवढाच मामला.

सोळाव्या शतकात, पॅलेस्ट्रिनाच्या काळात, टाळण्याऐवजी जागा देणं सुरू झालं. आपल्या तीन स्वरांत रे सर्वांत खाली ठेवला, तर त्याच्याशी म आणि नी दोघांचंही जमतं. भांडण उरतं ते फक्त वरच्या दोघांत, आणि तेवढं चालतं असं ठरलं.

पुढचं पाऊल रामो यांचं. १७२२ साली पॅरिसमध्ये त्यांचा हार्मनीवरचा ग्रंथ आला. त्यांच्या मते हा ट्रायड स्वतंत्र नव्हेच. तो प-नी-रे-म या डॉमिनंट सेव्हन्थचा उरलेला भाग आहे, ज्याचा पाया असलेला प गाळलाय. म्हणूनच नी साकडे चढू पाहतो आणि म गकडे उतरू पाहतो. याचा मूळ स्वर नक्की कोणता, यावर अभ्यासकांचे वाद पुढेही चालू राहिले.

याच ट्रायडवर आणखी एक मायनर थर्ड चढवली की डिमिनिश्ड सेव्हन्थ होतो. त्यात सप्तकाचे चार सारखे भाग पडतात, त्यामुळे घर कुठलं हेच कानाला कळत नाही. १८२१ साली बर्लिनमध्ये वेबर यांचा 'डेर फ्रायशुत्झ' हा ऑपेरा आला, त्यात सामिएल या दुष्टात्म्याची चाहूल याच कॉर्डमधून लागते. म्हणजे या स्वरांमधून सैतान खरोखर रंगमंचावर आला तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्याला आणलं संगीतकारांनी, अगदी जाणूनबुजून.

बंदीची गोष्ट चटकदार आहे, पण ती खरी मानली की हे हजार वर्षांचं शहाणपण दिसेनासं होतं. अस्वस्थ स्वरांना हाकललं नाही, त्यांना काम दिलं गेलं. ते काम आजही तेच आहे : आपल्याला सा कडे परत न्यायचं.

पुढच्या वेळी ऑगमेंटेड ट्रायड पाहू.