चित्राला जागा ठेवा

मराठीत मुलांची गोष्ट मासिकांनी वाढवली. विनायक कोंडदेव ओकांचं 'बालबोध' १८८१चं, वा. गो. आपट्यांचं 'आनंद' १९०६चं, बालभारतीचं 'किशोर' १९७१चं. मासिकात बहुधा आधी मजकूर, मग चित्र. चित्रपुस्तकात ते चालत नाही. माधुरी पुरंदरे जे. जे.मध्ये चित्रकला शिकलेल्या. 'राधाचं घर'मध्ये शब्द आणि चित्र एकाच हातचे आहेत.

भोर-वेल्ह्यातल्या ज्या शिक्षकांचे मसुदे मी रविवारी वाचतो, त्यांना चित्र काढता येत नाही. (मलाही नाही, मी कोड लिहितो.) म्हणून चित्रात दिसेल ते सगळं ते लिहूनच टाकतात. एका बाईंची भातलावणीची गोष्ट होती: धो धो पाऊस, चिखल, वाकलेली आजी, डोक्यावर इरलं. पुण्यातल्या मुलाला कळावं म्हणून कंसात 'पानांचं पावसाळी पांघरूण'.

मी कंस खोडायला सांगितला आणि शब्द ठेवायला. चित्र असताना इरल्याला अर्थ कशाला? बाई आधी नाराज झाल्या. मग पानावर एकच ओळ उरली: "आजी, आत मी मावेन का?"

प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर २०१५पासून चित्रं मोफत वापरता येतात. पण तिथून घेतलं तर पाऊस दुसऱ्याच गावचा येतो. चित्रकाराला खरं इरलं दाखवायला हवं. बाईंच्या घरी आता प्लॅस्टिकचा कागद आहे. वेल्ह्याकडे कुणाच्या माळ्यावर जुनं इरलं सापडतंय का, ते त्या विचारताहेत.